गिल्डचं दानाचं क्विल्ट: माप एक, हात पंचवीस

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतल्या न्यू जर्सीमध्ये एका क्विल्टिंग गिल्डमध्ये, म्हणजे क्विल्टं (तुकडे जोडून केलेली थरांची पांघरुणं) शिवणाऱ्यांच्या मंडळात, अलीकडेच सामील झालेल्या एका ताईंकडे यंदाच्या चॅरिटी क्विल्टची जबाबदारी आली आहे. पंचवीसेक सभासद आहेत. काही जणी तीस-तीस वर्षं शिवताहेत, काहींनी नुकतंच मशीन घेतलंय. सगळ्यांचे ब्लॉक, म्हणजे क्विल्टचे शिवलेले चौकोन, एका मापाचे कसे येणार, आईच्या जुन्या सुती साड्या त्यात घालता येतील का आणि खर्च कसा आवरायचा, असं त्यांनी विचारलंय. आमच्या गिल्डमध्ये हे काम मी बरीच वर्षं सांभाळते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ताई, डिझाइन शोधायला बसण्याआधी क्विल्ट कोणाकडे जाणार ते नक्की करा. पुष्कळ गिल्डांत आधी क्विल्ट तयार होतं आणि मग ते कोणाला द्यायचं याची शोधाशोध सुरू होते. नवजात बाळांच्या कक्षासाठी, तेरा-चौदा वर्षांच्या मुलासाठी, डायलिसिसला तासन् तास खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी आणि नेसत्या कपड्यांनिशी घराबाहेर पडलेल्या बाईसाठी लागणारं क्विल्ट एकसारखं नसतं. माप वेगळं, जाडी वेगळी, धुण्याची रीत वेगळी.

मोठ्या संस्थांचे नियम ठरलेले असतात. क्विल्ट्स ऑफ व्हॅलर ही संस्था कॅथरीन रॉबर्ट्स यांनी २००३ साली, मुलगा इराकमध्ये तैनात असताना सुरू केली. ती सैनिकांना क्विल्टं देते. तिथे किमान माप ५५ बाय ६५ इंच, कमाल ७२ बाय ९०, आणि लेबल लावायलाच हवं. प्रोजेक्ट लायनस १९९५ पासून आजारी आणि संकटात सापडलेल्या मुलांना पांघरुणं देते. ती नवी, हाताने केलेली आणि मशीनमध्ये धुता येतील अशी हवीत. तुमच्याच राज्यात, १९८५ पासून दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी मानवी ही संस्था आहे. अशा ठिकाणी आधी फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: माप किती हवं, धुणं-वाळवणं कसं होतं, आणि क्विल्ट ती व्यक्ती सोबत घेऊन जाते की संस्थेतच राहतं. तिसरा प्रश्न फार महत्त्वाचा. संस्थेत राहणारं क्विल्ट आठवड्याला गरम पाण्यात धुतलं जातं आणि कडक उष्णतेच्या ड्रायरमध्ये वाळतं. तिथे नाजूक हातकामाचा निभाव लागत नाही.

सोडतीसाठी करायचं क्विल्ट हे वेगळंच काम. लोकांना दहा तिकिटं घ्यावीशी वाटावीत असं ते देखणं लागतं, त्यामुळे ते चार-पाच कसलेल्या हातांनीच करावं. शिवाय बऱ्याच राज्यांत सोडतीला परवाना लागतो. तुमच्या पत्रावरून तुम्हाला पांघरायला द्यायचं क्विल्ट करायचंय असं दिसतं, तेव्हा पुढचं सगळं त्याबद्दल.

आता मापाचं. साडेबारा इंचांचा ब्लॉक सगळ्यांना करायला सांगितला की साडेबाराचा ब्लॉक फार थोड्या जणींकडून येतो. कारण मायेत असतं. माया म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं कापड, आणि क्विल्टिंगमध्ये ती पाव इंचाची. एखादीच्या मशीनची सुई जरा आत पडते, एखादी मशीनच्या फूटच्या कडेला पाव इंच समजते आणि ते फूट मुळातच थोडं रुंद असतं. समजा, तिची माया एक-सोळांश इंचाने जास्त धरली गेली. डोळ्यांना हा फरक दिसतही नाही. पण ब्लॉकमध्ये आडवे चार तुकडे असले तर त्यांना तीन शिवणी आल्या, प्रत्येक शिवणीत दोन्ही बाजूंचं कापड जातं, म्हणजे सहा वेळा एक-सोळांश. ब्लॉक पाऊण सूत नव्हे, चांगला तीन-अष्टमांश इंच कमी भरला. असे वीस ब्लॉक वीस वेगवेगळ्या घरांतून आले की जोडणारीला रडू कोसळतं. तिने ओढूनताणून जोडले तरी क्विल्ट जमिनीवर सपाट बसत नाही, मध्ये फुगे येतात.

यावर बहुतेक जण शिकवण्याचा उपाय करतात. कार्यशाळा घ्या, मायेचा सराव करून घ्या, कमी भरलेले ब्लॉक परत पाठवा. गिल्डमध्ये शिकवणं व्हायलाच हवं, पण दानाच्या क्विल्टवर नको. ज्या बाईचा ब्लॉक परत जातो ती पुढच्या वर्षी नाव देत नाही. माझं ठाम मत असं की माणसं बदलायला जाऊ नये, डिझाइनच असं निवडावं की हातातला फरक त्याच्या पोटात मावेल.

सामुदायिक क्विल्टांमधलं सगळ्यात मोठं उदाहरण घ्या. १९८७ साली सॅन फ्रान्सिस्कोत क्लीव्ह जोन्स यांनी एड्सने गेलेल्या माणसांच्या स्मरणार्थ क्विल्ट सुरू केलं. नियम एकच, प्रत्येक तुकडा तीन फूट बाय सहा फूट. आतमध्ये रंग लावा, भरतकाम करा, त्या माणसाचा शर्ट शिवा, काहीही करा. असे आठ तुकडे जोडले की बारा फुटांचा चौरस होतो आणि तो शेजारच्या चौरसाला बसतोच. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ते अंथरलं तेव्हा त्यात १,९२० तुकडे होते. ज्यांनी आयुष्यात सुई धरली नव्हती अशा माणसांनीही त्यात काम केलं होतं. बाहेरचं माप पक्कं आणि आत मोकळीक, एवढ्या व्यवस्थेवर ते उभं राहिलं.

गिल्डच्या पातळीवर हेच स्ट्रिंग ब्लॉकने साधतं, आणि तुम्हाला मी तोच सुचवेन. साडेआठ इंचांचा कागदाचा किंवा मांजरपाटाचा चौकोन घ्यायचा, हा त्याचा पाया. त्याच्या कर्णावर एक पट्टी सुलट ठेवायची. तिच्यावर दुसरी उलटी ठेवून कडेला टीप मारायची, उलगडून इस्त्रीने दाबायची, मग तिसरी. असं करत दोन्ही कोपऱ्यांपर्यंत जायचं. शेवटी चौकोन पालथा घालून, पायाच्या कडेने, बाहेर आलेलं कापड रोटरी कटरने (फिरत्या पात्याच्या कटरने) छाटायचं. आतल्या शिवणीत माया पाव इंच असो की त्याहून जरा जास्त, पट्टी थोडी वाकडी गेली तरी चालतं, ब्लॉक साडेआठचाच निघतो. नवखीचा ब्लॉक आणि तीस वर्षं शिवणारीचा ब्लॉक शेजारी ठेवले तर सांगता येत नाही कुठला कोणाचा.

क्विल्ट मात्र कसंही जोडल्यासारखं दिसता कामा नये. म्हणून कर्णावरची मधली पट्टी सगळ्यांना एकाच कापडाची द्या. गडद निळी किंवा मोतिया पांढरी, काहीही, पण एकच. बाकीच्या पट्ट्या ज्याच्या त्याच्या पेटीतल्या, एक ते अडीच इंच रुंदीच्या. चार ब्लॉक समोरासमोर मांडले की त्या मधल्या पट्ट्यांचे शंकरपाळे तयार होतात आणि अख्ख्या क्विल्टवर जाळी उठून दिसते. पंचवीस घरांतलं कापड त्या जाळीत बांधलं जातं.

हिशेब असा. शिवून झाल्यावर ब्लॉक आठ इंचांचा होतो. आडवे सहा, उभे आठ, एकूण ४८. त्याभोवती दोन इंचांची किनार घेतली की ५२ बाय ६८ इंच, मोठ्या माणसाला सोफ्यावर किंवा एकेरी पलंगावर पुरेसं. ४८ लागतात, पण ५४ मागा, कारण काही येत नाहीत आणि काही रंगांत बसत नाहीत. मधली पट्टी दोन इंच रुंद आणि १३ इंच लांब कापायची. साडेआठच्या चौकोनाचा कर्ण बारा इंचांचा असतो, वर एक इंच सूट. ४२ इंच पन्ह्यातून एका पट्टीचे तीन तुकडे होतात, म्हणजे ५४ तुकड्यांना अठरा पट्ट्या, बरोबर एक यार्ड. सव्वा यार्ड घ्या, नाहीतर एखादी पट्टी वाकडी कापली की अडकाल.

पाया कागदाचा की कापडाचा, हे मात्र सुरुवातीलाच ठरवा. दोन्ही एका क्विल्टमध्ये मिसळू नका, वजनात फरक पडतो आणि हाताला लगेच कळतो. कागद घेतला तर कोरा, पातळ न्यूजप्रिंट घ्या. टाका बारीक ठेवा, दीड ते पावणेदोन मिलिमीटरचा, आणि सुई ९० नंबरची, म्हणजे कागद भोकाभोकांनी सैल होऊन सहज फाटतो. आणि सगळ्यांना बजावून सांगा की कागद आपल्या घरी काढायचा नाही. पट्ट्या कर्णावर असल्यामुळे छाटलेल्या ब्लॉकच्या चारही कडा उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरक्या, असतात. कागद काढला की त्या कडा नुसत्या हात लागला तरी ताणतात. ब्लॉक एकमेकांना जोडून झाल्यावरच कागद काढायचा. इस्त्रीही दाबून उचलायची, पुढेमागे घासायची नाही. कापडाचा पाया असेल तर ही भीती राहत नाही, क्विल्ट जड आणि उबदार होतं, पण खर्च वाढतो.

साड्यांचं विचारलंत, त्याला सरळ हो किंवा नाही असं उत्तर नाही. आधी संस्थेला विचारा, काही ठिकाणी फक्त नवंच कापड चालतं. चालत असेल तर प्रत्येक साडी उजेडासमोर धरून बघा. निऱ्यांचा आणि बसण्याचा भाग विरलेला असतो, काठ आणि पदराजवळचा भाग पुष्कळ वर्षं टिकतो. विरलेलं कापड क्विल्टिंगच्या नव्या, घट्ट सुती कापडाशेजारी शिवलं की दोन-चार धुण्यांत शिवणीलगत फाटतं. म्हणून साडी वापरायची तर मांजरपाटाच्या पायावरच, म्हणजे खालच्या कापडाचा आधार राहतो.

साडी खरोखर सुती आहे का हेही बघायला हवं. कडेचे दोन धागे काढून, सिंकवर धरून पेटवा. सुताची राख होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. खणाच्या बाबतीत हे जरूर करा, बाजारात मिळणारा पुष्कळसा खण हल्ली पॉलिस्टरचा असतो, आणि तो इस्त्रीखाली आक्रसतो. शेवटी रंग. लाल, जांभळी, निळी साडी असेल तर एक तुकडा गरम पाण्यात भिजवून पांढऱ्या कापडात गुंडाळून ठेवा. पांढऱ्यावर डाग आला की ती साडी या क्विल्टसाठी बाद. कच्च्या रंगाची एक पट्टी सत्तेचाळीस ब्लॉक खराब करू शकते. नवी, न वापरलेली साडी असेल तर आधी खळ धुऊन काढा.

मला स्वतःला विचाराल तर आईच्या साड्या अशा पट्ट्या-पट्ट्या करून वापराव्यात असं मला वाटत नाही. गोधडीत साडी जवळजवळ अखंड राहते, एकावर एक थर येतात आणि बोटभर अंतरावर धावदोरा जातो, म्हणून विरलेलं कापडसुद्धा वर्षानुवर्षं टिकतं. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी बायका, ज्यांच्यापैकी अनेकींचे पूर्वज पोर्तुगीज गोव्यात आफ्रिकेतून आणले गेले होते, कवंदी ही त्यांची गोधडी करताना खाली अख्खी साडी पसरतात आणि कडेपासून मध्याकडे तुकडे लावत धावदोऱ्याने शिवत जातात. जुन्या कापडाला हीच वागणूक मानवते. गिल्डमधल्या चार-पाच जणींना घेऊन वेगळी एक गोधडी घाला. हाताने शिवणं आवडणाऱ्या बायका प्रत्येक गिल्डमध्ये असतात, त्यांना आठ नंबरच्या जाड पर्ल दोऱ्याने मोठे टाके घालायला आवडतं. त्यांना हे शिकवायला तुमच्याइतकं योग्य कोणी नाही.

माणसांची व्यवस्था लावणं शिवणापेक्षा जास्त वेळ खातं. "प्रत्येकीने दोन ब्लॉक आणा" अशी घोषणा करून काही हाती येत नाही. पिशव्या करून हातात द्या. एका पिशवीत दोन पाये, दोन मधल्या पट्ट्या, चित्रासह एक पान आणि परत द्यायची तारीख. पुढच्या मासिक बैठकीची तारीख घाला, त्यापुढची नको, दोन महिने दिले की पिशवी कपाटात जाते. जिला शिवायला जमत नाही तिला काम नाही असं होऊ देऊ नका. पट्ट्या कापणं, रंगांप्रमाणे लावणं, कागद सोलणं, टाचण्या लावणं ही सगळी बसून करायची कामं आहेत. वयाने थकलेल्या सभासद त्या दिवशी सगळ्यात आधी येऊन बसतात.

छाटणी मात्र एकीनेच, एकाच मोजपट्टीने करायची. दोन कंपन्यांच्या मोजपट्ट्यांच्या रेषांमध्ये केसभर फरक असू शकतो. घरी छाटलेले ब्लॉकही पुन्हा मापून घ्यायचे. म्हणून सभासदांना सांगून ठेवा की कडेला थोडं जास्त कापड सोडूनच आणा.

आणि एखादा ब्लॉक खरोखरच वापरण्यासारखा नसेल तर? शिवण उसवली असेल तर मुकाट्याने परत मारायची. कापड पॉलिस्टरचं असेल तर तो बाजूला ठेवायचा आणि त्या बाईला एकटीला गाठून सांगायचं की या क्विल्टला कडक ड्रायर लागणार आहे, म्हणून दुसऱ्या कापडाचा करून देशील का. सगळ्यांसमोर नाही. कापडाच्या दर्जावर मात्र तडजोड नको. दान आहे म्हणून पेटीतलं विटलेलं, कोणालाच नको असलेलं कापड काढून देण्याची वृत्ती दिसली की मला फार वाईट वाटतं. ज्या बाईच्या हातात हे जाणार आहे तिला त्या दिवशी स्वतःची अशी दुसरी एकही वस्तू नसेल.

जोडणी एका दिवसात, एकत्र बसून, दोन-तीन मशीनवर करा. भिंतीवर फ्लॅनेल लावून ब्लॉक मांडा आणि फोनने कृष्णधवल फोटो काढा. रंग निघून गेला की कुठे गडद ब्लॉक गर्दी करून बसलेत ते ताबडतोब कळतं. इथे माया अचूक लागते, म्हणून इथे तुमच्या कसलेल्या शिवणाऱ्या बसवा.

बॅटिंग, म्हणजे मधला भरणीचा थर, ८० टक्के सूत, २० टक्के पॉलिस्टर असलेलं घ्या, लवकर वाळतं आणि आटतंही कमी. पाकिटावर दोन टीपांमधलं जास्तीत जास्त अंतर लिहिलेलं असतं. संस्थेत धुतलं जाणारं क्विल्ट असेल तर त्याच्या निम्म्याच अंतरावर टीपा घ्या. अस्तर आणि बॅटिंग चारही बाजूंनी चार-चार इंच जास्त लागतं, म्हणजे ६० बाय ७६. नेहमीच्या पन्ह्याचं कापड घेतलं तर साडेतीन यार्ड आणि मध्ये एक जोड. १०८ इंची पन्ह्याचं मिळालं तर पावणेदोन यार्डात काम होतं आणि जोडही नाही. कडेच्या गोटाला अडीच इंचांच्या सात पट्ट्या, म्हणजे अर्धा यार्ड.

लाँगआर्मवाल्या, म्हणजे मोठ्या क्विल्टिंग मशीनवर टीपा घालून देणाऱ्या, ताई गिल्डमध्ये असतील तर त्यांनी फुकट करावं असं गृहीत धरू नका. चौरस इंचाला तीन सेंट धरले तरी एवढ्या क्विल्टचे १०६ डॉलर होतात. गिल्डच्या निधीतून निदान दोरा आणि बॅटिंगचा खर्च द्या. त्या उपलब्ध नसतील तर घरच्या मशीनवर वॉकिंग फूट (सगळे थर एकत्र पुढे सरकवणारं फूट) लावून मधल्या पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंनी सरळ टीपा मारा. जाळी आणखी उठून दिसते.

खर्चात मुख्य भार अस्तर आणि बॅटिंगचा असतो, वरचे तुकडे सगळ्यांच्या घरचे. २०२५ मध्ये कापडाची मोठी दुकानसाखळी असलेल्या जोअ‍ॅनची सगळी दुकानं बंद झाल्यापासून स्वस्त कापड हाताशी राहिलेलं नाही, तेव्हा बॅटिंगचा अख्खा गुंडाळा गिल्डच्या नावाने एकदाच मागवा. पावत्या सांभाळा. गिल्डला किंवा संस्थेला ५०१(सी)(३) दर्जा असेल, म्हणजे तिला दिलेल्या दानावर करवजावट मिळत असेल, आणि तुम्ही वजावटी तपशीलवार दाखवत असाल तर साहित्याचा खर्च करात दाखवता येतो, आपल्या वेळेची किंमत दाखवता येत नाही.

देण्याआधी बिनवासाच्या साबणात क्विल्ट एकदा धुवा, सोबत रंग शोषणारे दोन कागद टाका. वाळल्यावर दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवा, पंचवीस जणींच्या टाचण्यांमधली एखादी आत राहिलेली असू शकते. लहान मुलांसाठी असेल तर बटण, मणी, लोंबणारी रिबन यातलं काहीही नको. लेबलवर गिल्डचं नाव, वर्ष आणि धुण्याची सूचना पुरे. स्त्रियांच्या निवाऱ्यासाठी असेल तर सभासदांची पूर्ण नावं घालू नका, क्विल्ट मिळालेल्या बाईचा फोटो मागू नका आणि निवाऱ्याचा पत्ता विचारू नका. संस्थेच्या कार्यालयात नेऊन द्या.

पुढच्या बैठकीला स्ट्रिंग ब्लॉकचे चार नमुने शिवून घेऊन जा, चार असले की शंकरपाळं दिसतं आणि समजावून सांगावं लागत नाही. पिशव्या तयार ठेवा आणि नावं लिहायचा कागद दाराशी ठेवण्याऐवजी हातोहात फिरवा. उरलेल्या ब्लॉकचं काय करायचं असा प्रश्न कोणी ना कोणी विचारेलच. त्यांच्या उश्यांच्या खोळी होतात, आणि पुष्कळ निवारे क्विल्टसोबत त्या आनंदाने घेतात.